हजार चंद्र, तेवीस चकत्या

अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि रविवारी घरी कामांची वाटणी झाली. गुरुजी आणि केटरर धाकट्या बहिणीकडे, आहेराचं बायकोकडे, हॉल मुलाकडे. माझं नाव कुठेच येईना. घरच्या कार्यात मला काम न देण्याची आमच्याकडे जुनी प्रथा आहे आणि तिच्यामागे सबळ कारणंही आहेत. पण त्या दिवशी माझ्याजवळ हुकमाचा एक्का होता. मी घसा खाकरून म्हणालो, "फोटोंचं माझ्याकडे."

"तुझ्याकडेच तर आहेत सगळे," बहीण म्हणाली. "अण्णांच्या मुंजीपासूनचे. वीस मिनिटांचा स्लाइड शो कर, दादा. पण तेवढंच कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

घराण्याचा समग्र इतिहास माझ्या ताब्यात होता हे खरं. तेवीस सीड्यांत तो मी २००४ साली बंद केला होता. 'बंद केला' हा शब्द किती नेमका होता, ते मात्र कळायला २०२४ उजाडावं लागलं.

२००४च्या दिवाळीत बोनसमधून मी स्कॅनर आणि सीडी रायटर घेतला. ऑफिसात मी हिशेब खात्यात, पण नात्यात माझी ख्याती 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' अशी होती, कारण बाकी कोणालाच कळत नव्हतं. मी फर्मान काढलं : प्रत्येकाने आपापले अल्बम माझ्याकडे जमा करावेत. नाशिकहून आत्याने काळ्या जाड पानांचा अल्बम आणला. दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तो पातळ कुरकुरीत कागद, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे त्रिकोण. काकांनी काश्मीर ट्रिपचे फोटो दिले. अण्णांनी ट्रंकेतून एक खाकी पाकीट काढलं. त्यात त्यांचा मुंजीतला एकुलता एक फोटो होता : डोक्यावर घेरा, कमरेला लंगोटी, हातात दंड, चेहऱ्यावर रडू.

"जपून हं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हा आता शंभर वर्षं जपला गेला समजा."

शंभर वर्षांचा आकडा मी खोक्यावर वाचला होता. ते खोकं लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर पन्नास नगांच्या घाऊक भावात घेतलेलं. विकणाऱ्याने बिलसुद्धा दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तरी तो त्याच जागी सापडेल याची खात्री नव्हती, पण खोक्यावरच्या शंभर वर्षांवर माझी पूर्ण श्रद्धा बसली.

सीडीवर लिहिण्याला तेव्हा 'बर्न करणं' म्हणत आणि ज्या सॉफ्टवेअरने मी ते करत असे त्याचं नाव 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळत असताना फिडल वाजवत बसल्याची दंतकथा असलेल्या त्या सम्राटाचं नाव घेऊन आपण घराण्याचा ठेवा जाळायला बसलोय, यात मला काहीच सूचक वाटलं नाही. उलट कोटी आवडली. ती मी आत्यालाही समजावून सांगितली. आत्या फार हसली नाही.

एका सीडीत ७०० एमबी. महिनाभर घरात स्कॅनरची घरघर. सीड्यांची मी बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. चकचकीत बाजूला कोणी बोट लावलं की ओरडायचो. मुलाने एकदा तिच्यात तोंड पाहिलं म्हणून त्याला बोलणी खावी लागली. वरच्या बाजूची मात्र फिकीर नव्हती. तिच्यावर मी बॉलपेन दाबून नावं लिहिली आणि ती नीट उमटेनात तेव्हा मुलाच्या वह्यांची लेबलं चिकटवली. नावं अशी : 'फॅमिली १', 'फॅमिली २', 'फॅमिली नवीन', 'फॅमिली फायनल', 'फायनल (खरं)', 'इतर', 'इतर महत्त्वाचे'. एकीवर नुसतंच 'बघणे' असं लिहिलं होतं. ती अर्थातच कोणी बघितली नाही.

मूळ फोटो ज्याचे त्याला 'सवडीने' परत करायचे ठरवून मी ते अण्णांच्या ट्रंकेत भरले आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली. आम्ही तेव्हा कल्याणला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे मोजायची गरज पडली नाही, कारण पाणी स्वतःच घरात येऊन पलंगाच्या गादीला लागलं. जमिनीवर ठेवलेला कॉम्प्युटर बुडाला. ट्रंक बुडाली. चिखल उपसून ट्रंक उघडली तर आत फोटोंची वडी जमली होती. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना एक फोटो दुसऱ्याला असा धरून बसतो, की सोडवायला गेलं तर दोघांचेही चेहरे जातात. आत्याचं लग्न आणि काकांचं काश्मीर कायमचं एकजीव झालं होतं.

सीड्या मात्र कपाटावर कोरड्या होत्या. कपाटात जागा नव्हती म्हणून त्या वर होत्या, पण पुढे वीस वर्षं मी ती दूरदृष्टी म्हणून सांगत आलो. नातेवाईक आधी हळहळले, मग माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "नशीब, तू सीड्या करून ठेवल्यास!" मी नम्रपणे मान खाली घातली. अल्बम वेळेवर परत केले असते तर आत्याचा अल्बम नाशिकला तिसऱ्या मजल्यावर ठणठणीत राहिला असता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

तर कार्याला तीन आठवडे उरले असताना मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि सीडी घालायची जागा शोधू लागलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेवटी उलटा केला.

"बाबा, नाहीये," मुलगा शांतपणे म्हणाला.

"काढली कोणी?"

"कधी नव्हतीच."

हा लॅपटॉप मी चार वर्षं वापरत होतो.

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. पुरानंतर घेतलेला. तो सुरूच होईना आणि ट्रेही उघडेना. ट्रेच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यात यू-पिन सरळ करून खुपसली की ट्रे बाहेर येतो. एवढं ज्ञान माझ्यापाशी होतं. ट्रे आला. आत एक सीडी निवांत पहुडली होती : 'बघणे'. शेवटी मुलाने यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर ऑनलाइन मागवला. तो आला, मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि शुभारंभ 'बघणे'नेच केला.

सीडी गर्रकन फिरली आणि क्षणात उघडली. आत २१२ फायली, एकेकीचं नाव शाबूत. 'अण्णा मुंज', 'माई आजी अंगण', 'आत्या लग्न सप्तपदी'. आईने हात जोडले. मी सगळ्यांकडे एक नजर टाकली. संत लोक चमत्कारानंतर टाकत असतील तशी. आणि 'अण्णा मुंज'वर क्लिक केलं. काही उघडेना. दुसऱ्यावर केलं. तेही नाही.

"बाबा," मुलगा स्क्रीनजवळ वाकून म्हणाला, "प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात हा छोटा वाकडा बाण दिसतोय का?"

दिसत होता. २००४ साली तो मला शोभेचा वाटला होता.

"हे फोटो नाहीत. शॉर्टकट आहेत."

त्या २१२ फायलींचं वजन सगळं मिळून अडीचशे केबीसुद्धा भरेना. फोटोंच्या जागी, फोटो कुठे ठेवलेत त्याच्या चिठ्ठ्या मी त्या सीडीत जपल्या होत्या. आणि एकूणएक चिठ्ठीवर पत्ता होता कल्याणच्या पुरात बुडालेल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा. वीस वर्षं अंधारात, कोरड्या जागी, ओरखडा न उमटता सुखरूप राहिलेली माझी एकमेव सीडी ही होती.

बायको काही बोलली नाही. चहा टाकायला उठली. लग्नाला तीस वर्षं झाली की न बोलणंही मुद्देसूद होतं.

मी उरलेल्या सीड्यांचं पाऊच उघडलं. बावीस हव्या होत्या, निघाल्या पंधरा. सातांचा तपास सुरू झाला. तीन सीड्या मुलाने २०११च्या गणपतीत कापून मखराची प्रभावळ केली होती. त्या मखराला सोसायटीचं दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि स्टेजवर जाऊन ते घेतलं होतं मीच. उरलेल्या चार बाल्कनीत सुतळीला टांगलेल्या सापडल्या, कबुतरं पळावीत म्हणून. कबुतरं त्या सुतळीवरच बसतात. एक सीडी हातात घेऊन डोळ्यांसमोर धरली तर पलीकडची इमारत स्वच्छ दिसली. तिच्यावरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघून गेला होता. एका कोपऱ्यात माझ्या लेबलचा तुकडा अजून होता : 'महत्त्वाचे'.

"आई, या सीड्या इथे कोणी लावल्या?"

"मी. त्या चकत्या फारच डागाळल्या होत्या म्हणून." आई सगळ्याच सीड्यांना चकत्या म्हणते. "पावसाळ्यात बुरशी धरायची रे त्यांच्यावर. मग दसऱ्याच्या आधी गोधड्यांबरोबर गच्चीत नेऊन ऊन दाखवायची मी. चांगलं कडकडीत."

"एकदा?"

"एकदा कसं पुरेल? दर वर्षी."

आमच्या घरात डाळींना ऊन दाखवतात, गोधड्यांना दाखवतात, रेशमी साड्यांना सावलीतली हवा दाखवतात. ज्याला ऊन अजिबात दाखवू नये अशी घरात एकच वस्तू होती आणि ती मी आणली होती. दुकानात मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीत बारीक खळगे कारखान्यातच ठशाने उमटवलेले असतात. घरी लिहायच्या सीडीत तसे खळगे नसतात. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो. रायटरचा लेझर त्या रंगाला ठिकठिकाणी भाजून खुणा करतो, म्हणून ते 'बर्न'. आणि उन्हात हा रंग विटतो, साडीचा विटतो तसाच. म्हणजे घराण्याचा इतिहास मी कोरला नव्हता, रंगवला होता, आणि आई तो दर ऑक्टोबरात वाळत घालत होती. तिकडे नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षं झाली तरी वाचता येतो. त्याला ड्राइव्ह लागत नाही आणि तो पलंगाखालीही सरकवता येत नाही.

पण सगळा दोष उन्हावर ढकलायची सोय नशिबात नव्हती. मुलाच्या एका मित्राला या गोष्टींतलं खरंच कळतं. तो आला. त्याने एक सीडी कडेने, दोन बोटांत अलगद धरली आणि माझं लेबल पाहून त्याचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला.

"काका, हे लेबल आणि हे बॉलपेन कोणी..."

"का? चकचकीत बाजूला तर मी श्वाससुद्धा लागू दिला नाही."

"सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. त्यात बहुतेक सगळं प्लास्टिकच. तुमचे फोटो त्या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला असतात. त्यांच्यावर फक्त लाखेसारखा एक पातळ थर. खालून ओरखडा गेला तर एक वेळ घासून काढता येतो. वरून गेला की फोटोच गेला."

म्हणजे वीस वर्षं मी दाराला सात कुलपं लावून बसलो होतो आणि घराला मागची भिंतच नव्हती. त्या मुलाने मोबाइलवर एक पुस्तिकाही दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने सीडी कशा जपाव्यात याबद्दल २००३ साली काढलेली, माझ्या पराक्रमाच्या बरोबर एक वर्ष आधी. लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका, उन्हात ठेवू नका, दमट जागी ठेवू नका. 'करू नका'ची ती यादी वाचताना मला आपलं आत्मचरित्र वाचल्यासारखं वाटलं.

"पण पाच-सहा वर्षांपूर्वी यातली एक लावून पाहिली होती, व्यवस्थित चालली होती," मी शेवटचं अवसान आणून म्हणालो.

त्याचंही उत्तर त्याच्यापाशी होतं. सीडीत चुका भरून काढायची गणिती सोय असते. दोन-अडीच मिलिमीटरचा ओरखडा ती चुपचाप सांभाळून नेते. त्यामुळे आतून किती बिघडलंय हे बाहेर कळतच नाही. एक दिवस ती सोय पुरी पडेनाशी होते आणि सीडी एकदम आडवी होते. आमच्या दुसऱ्या एका काकांचं तसंच झालं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ते जिने चढत होते.

तरी मी घरगुती उपाय सोडले नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर एका सीडीला टूथपेस्ट लावून घासली. सकाळी ड्राइव्हमधून पुदिन्याचा वास आला, फोटो आले नाहीत. "दातांना लावत जा," बायको म्हणाली, "तेवढेच जपायचे राहिलेत."

खरं काम त्या मुलाने केलं. एका ड्राइव्हला न दिसणारी सीडी दुसऱ्याला दिसू शकते म्हणून त्याने इमारतीतून चार ड्राइव्ह गोळा केले. 'डीडीरेस्क्यू' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर लावलं. ते आधी सीडीतला धड भाग उचलून घेतं आणि मग खराब जागी पुन्हा पुन्हा जाऊन तगादा लावतं, वसुलीच्या माणसासारखं. सीडीवरची रेघ एकच असते, आतून बाहेर चकलीसारखी गुंडाळलेली. उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल, म्हणजे डोंबिवलीच्या आमच्या आताच्या घरातून निघून ठाकुर्ली ओलांडेल आणि जुन्या घराच्या वेशीवर पोहोचेल. त्या रेघेवरून ते बिचारं रात्र रात्र फिरत होतं. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. टक्का वाढला की आनंद, थांबला की नामस्मरण.

बारा रात्रींनंतर निकाल लागला. पंधरापैकी चार सीड्यांनी आपण कोऱ्या असल्याचं सांगितलं. पाचवीचं लिखाण मी त्या वेळी नीट पूर्ण केलंच नव्हतं, अर्ध्यावर सोडून जेवायला गेलो असणार. उरलेल्या दहांतून अकराशे फोटो पूर्ण आले आणि तीनेकशे अर्धे. अर्धे म्हणजे वरचा भाग स्वच्छ आणि खाली राखाडी पट्टा, कारण फोटोची फाइल वरून खाली भरत जाते आणि जिथे वाचन तुटतं तिथून पुढे राखाडी.

आणखी एक भानगड निघाली. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि माझ्या सीड्या कडेकडून आत सडत गेल्या होत्या. म्हणजे जे आधी लिहिलं ते वाचलं, जे शेवटी लिहिलं ते गेलं. आधी कोणाचं लिहिलं होतं? माझ्या मुंजीचे बेचाळीस फोटो शाबूत. माझ्या लग्नाचे सगळे, अगदी मागे केळी सोलणारा आचारीसुद्धा. आत्याच्या लग्नाचा एक, त्यातही आत्या राखाडीत. हा योगायोग नात्यात कोणी योगायोग मानायला तयार नाही. भौतिकशास्त्र समजावून सांगावं तसा माझा स्वार्थ जास्तच उठून दिसतो.

हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि सुमारे १० महिने लागतात. अण्णांनी त्या पाहिल्या. शंभर वर्षांची हमी घेऊन आलेल्या माझ्या सीड्यांनी अडीचशेही पाहिल्या नाहीत. कार्याच्या दिवशी हॉलमध्ये पडदा लागला तेव्हा हा हिशेब माझ्या डोक्यात होता आणि बहिणीची नजर माझ्यावर.

पहिलाच फोटो अर्धा आला. माई आजीच्या अंगणातला ग्रुप फोटो : वर कौलं, खाली सात डोकी, मग राखाडी. मी घाईने पुढचा लावायला गेलो, तर आत्या म्हणाली, "थांब. या कोपऱ्यात मोत्या बसला होता." काका म्हणाले, "मोत्या कुठला, तो तेव्हा गेला होता. इथे मी बसलो होतो, पाटावर." "पाट नव्हता, सतरंजी होती." "सतरंजी शेजारच्यांची. परत द्यायची राहिली म्हणून भांडण झालं होतं." मागच्या रांगेतून मामेभाऊ उठून पडद्यापाशी आला आणि राखाडी भागावर बोट ठेवून कोण कुठे उभं होतं ते दाखवू लागला. शाबूत फोटो आले की लोक "वा" म्हणत आणि गप्प बसत. राखाडी आला की हॉल पेटून उठे. वीस मिनिटांचा कार्यक्रम दीड तास चालला. केटररने दोनदा येऊन मठ्ठा कोमट होत असल्याचं सांगितलं. माझ्या लग्नाचे एकशे दहा फोटो मात्र एकमताने वगळण्यात आले.

शेवटी अण्णांच्या मुंजीचा फोटो लागला. वरचा तिसरा हिस्सा वाचला होता : घेरा, कपाळ, रडके डोळे. बाकी राखाडी. हॉल शांत झाला. मला कुठे बघावं कळेना. "जपून हं" म्हणून त्यांनी माझ्या हातात दिलेला हा एकच फोटो.

अण्णांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लंगोटी गेली ते बरंच झालं. उगाच चारचौघांत."

आता सगळे फोटो तीन ठिकाणी आहेत. घरी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर आणि तिसरी प्रत गावाबाहेर, नाशिकला आत्याकडे. ही पद्धतही त्या मुलानेच घालून दिली. आत्याने तिची प्रत घेताना "ही पूर्ण आहे ना, की चिठ्ठ्या आहेत?" असं सर्वांसमक्ष विचारलं.

राहिली गोष्ट आईची. तिला मी मोठेपणाने सांगायला गेलो, की आई, तुझ्या उन्हाने घात केला. ती म्हणाली, "असेल. पण वीस वर्षांत त्या चकत्या वर्षातून एकदा तरी बाहेर काढून कोणी हातात घेतल्या? लोणचंसुद्धा बरणीत घातलं की झालं, असं नसतं रे. मधून मधून झाकण काढून बघावं लागतं." यावर मला काही सुचलं नाही. तिच्या हातून उन्हाची चूक झाली, पण बघायची चूक तिने केली नव्हती.

म्हणून यंदा खंडेनवमीचा दिवस ठरवला आहे. त्या दिवशी आमच्याकडे विळी, पक्कड, शिलाई मशीन पुसून पाटावर मांडतात. त्यांच्या रांगेत हार्ड डिस्कही मांडली. पूजेआधी ती जोडायची, दहा-वीस फोटो उघडून बघायचे, नवी प्रत करायची, मग फूल. आई हळदीकुंकवाची बोटं घेऊन थेट तिच्या पिनेच्या खाचेकडेच निघाली होती, ती वेळेवर अडवली. मग तिने डिस्क उचलून उलटसुलट पाहिली.

"आणि याला ऊन?"

"नको!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

डिस्कवर काहीतरी नाव घालायला हवं होतं. मला एकच शब्द सुचला : 'बघणे'. तो लिहायला मी बॉलपेन उचललं, तर मुलाने ते माझ्या हातातून काढून घेतलं.